नस्तर कोणाच्या हाती?

आमच्या गावच्या सुताराची मुलगी डॉक्टर झाली, ही बातमी आता नवलाची राहिली नाही. हल्ली आपल्या घरांतूनही मुली डॉक्टर होऊ लागल्या आहेत व ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्यापुढे जे घडले ते सांगण्यासारखे आहे. साडेपाच वर्षांचा एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम संपवून व पुढील शिक्षणाची परीक्षा देऊन मुलगी गावी आली, तेव्हा तिच्या बापाने आम्हांस बोलावणे धाडले. आम्ही तिचे चौथीपर्यंतचे शिक्षक. ओसरीवर चहा झाला आणि बाप म्हणाला, "गुरुजी, तुमचं ऐकंल ती. पोरीच्या जातीनं बायकांचा दवाखाना घालावा, नाहीतर लेकरांचा. ही म्हणू लागली, मला सर्जरीच पायजे. चिरफाडीचं काम पोरीचं हाय का?" आई आतून बोलली, "आनिक तीन वर्सं शिकायचं म्हंती. मग लगीन कवा?"

मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त आमच्याकडे पाहिले. लिहावयास लाज वाटते, पण खरे तेच लिहिले पाहिजे. आम्हीही तिला प्रथम बापाचाच सल्ला दिला. बाळंतपणाचे शास्त्र घे, बाई; मान राहील आणि संसारही होईल, असे म्हणालो. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, चौथीत असताना अण्णांच्या रंध्यानं मी एक पाट तासला होता. तुम्ही तो वर्गात फिरवून सगळ्यांना दाखवला होता. तेव्हा नाही म्हणालात, हे पोरीचं काम नाही म्हणून."

आम्ही निरुत्तर झालो. घरी आलो ते त्याच विचारात, आणि त्या विचाराचे फळ म्हणजे हा लेख होय.

प्रथम हा मामला काय आहे ते आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस सांगितले पाहिजे. कारण मुलगा एकदा डॉक्टर झाला की शिक्षण संपले, असे आपल्याकडे मानतात. तसे नाही. एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर ताप, खोकला, जखम पाहील. पण पोट उघडून आतड्याचा पीळ सोडविणे, सडलेले आंत्रपुच्छ काढणे, अपघातात फुटलेली प्लीहा काढून जीव वाचविणे, ही शस्त्रवैद्याची म्हणजे सर्जनची कामे. त्यासाठी एम.एस. ही तीन वर्षांची पदवी घ्यावी लागते. मेंदू, हृदय, मूत्रपिंड ह्यांची शस्त्रक्रिया शिकावयाची तर त्यावर आणखी तीन वर्षे. ह्या जागा मोजक्या. त्या मिळविण्यासाठी साऱ्या देशाची एकच परीक्षा असते. दोनशे प्रश्न, आठशे गुण; बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक गुण कापला जातो. मग गुणानुक्रम लागतो व उमेदवाराने कोणते कॉलेज, कोणता विषय हवा ते पसंतीच्या क्रमाने लिहून द्यावयाचे असते. सरकारी कॉलेजांतील निम्म्या जागा साऱ्या देशास खुल्या व निम्म्या राज्याच्या वाट्याच्या. जागा राखीव आहेत, त्यांचाही हिशेब त्यातच होतो. ज्याचा क्रम वर, त्याने आधी निवडावे.

ह्या पद्धतीत एक मोठा गुण आहे व तो मान्य केला पाहिजे. परीक्षेच्या यंत्राला उमेदवाराचे आडनाव दिसत नाही. अमेरिकेत अशा जागेसाठी मोठ्या डॉक्टरांची शिफारसपत्रे लागतात व मुलाखत होते. इंग्लंडातही मुलाखत असते. कोणी शहाणे म्हणतात, आपल्याकडेही मुलाखत असावी, म्हणजे उमेदवाराचा स्वभाव कळेल. आम्ही म्हणतो, नको रे बाबा! मुलाखतीच्या खोलीत आमच्या पोराचे इंग्रजी, त्याचे बूट, त्याच्या बापाचा धंदा आणि त्याची जात, एवढेच आधी दिसेल. स्वभाव दिसेपर्यंत वेळ संपलेली असेल. वशिल्याचे दार पुढून बंद केले ते मागून उघडू नये.

पण शस्त्रवैद्य होण्यास लायक कोण, हा प्रश्न जुना आहे, आणि त्याची जुनी उत्तरे पाहण्यासारखी आहेत.

सुश्रुताच्या ग्रंथात शिष्य कसा निवडावा ह्याची यादीच आहे. तो कुलीन असावा; जीभ, ओठ व दातांची टोके पातळ असावीत; तोंड, डोळे, नाक सरळ असावे; बुद्धी, स्मरण, धैर्य असावे; आणि तो कष्ट सोसणारा असावा. पहिल्या तीन वर्णांस विधिपूर्वक शिकवावे. शूद्र चांगल्या कुळातला व गुणी असल्यास त्यालाही मंत्र वगळून व मुंजीवाचून शिकवावे, असे काहींचे मत आहे, म्हणून तेथेच नोंदले आहे. काहींचे! म्हणजे त्या काळीही ह्या प्रश्नावर वाद होताच. पातळ ओठांचा व नस्तराचा संबंध काय, हे आमच्या अल्पमतीस कळत नाही. पण त्याच ग्रंथात पुढे जे आहे त्यापुढे आम्ही हात जोडतो. शस्त्र चालविणाऱ्याच्या अंगी धैर्य हवे, काम झपाट्याचे हवे, हत्याराला धार हवी, त्याला घाम फुटू नये, हात कापू नये आणि प्रसंगी भांबावून जाऊ नये, असे तेथे सांगितले आहे. आणि हात तयार कसा करावा? तर कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी ह्यांवर चिरण्याचा सराव करावा, कमळाच्या देठावर व मेलेल्या जनावरांच्या शिरांवर शीर तोडण्याचा सराव करावा, जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर शिवण्याचा सराव करावा.

वाचकहो, नीट पाहा. शस्त्रवैद्याची ही शाळा कोणाच्या घरातली आहे? कोहळा कोणाच्या मळ्यातला? धार कोण लावतो? कातडे कोण शिवतो? कापड कोण टाचतो? माळी, लोहार, चांभार, शिंपी! जी कामे हलकी म्हणून आपल्या वाट्यास टाकली, त्याच कामांत शस्त्रवैद्याचा हात तयार होतो, हे त्या ग्रंथानेच कबूल केले आहे. ओठांचे माप मागे राहिले. धार आणि टाका पुढे आला.

हे केवळ पोथीतले नाही. आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळ, ह्याचा पुरावा घडला आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा कुणबी होता. तो टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी सोडवून, ती खाली वळवून, तिचे नवे नाक बसविले. आधी मेणाचे नाक करून ते दाबून सपाट केले, कपाळावर ठेवून त्याचे माप आखले, मग तेवढीच कातडी उचलली. आणि ती जिवंत राहावी म्हणून भुवयांच्या मधोमध एक देठ तसाच ठेवला. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' ह्या मासिकात १७९४ च्या ऑक्टोबरात चित्रासह छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने वीस वर्षे विचार व तयारी केली आणि १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आज जगभर नाक घडविण्याची जी विद्या शिकवितात, तिच्या इतिहासात हा पुण्याचा प्रसंग पहिल्या पानावर असतो.

आता तो कारागीर कोण? मासिकात लिहिले आहे की तो विटा भाजणाऱ्या जातीचा होता. म्हणजे आपल्याकडील कुंभारच म्हणा. बैल हाकणारा रोगी आणि विटा भाजणारा वैद्य! कुणब्याचे नाक कुंभाराने बसविले. रोग्याचे नाव छापले गेले, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावे छापली गेली. ज्याच्या हाताने काम केले त्याचे नाव मात्र कोणी विचारले नाही. कामाचे नाव जगभर झाले आणि कामकऱ्याचे नाव मातीत गेले. हे आमच्या कारागीर बंधूंस नवे नाही.

तिकडे विलायतेतही तेच होते. लंडनमध्ये १७४५ पर्यंत न्हावी आणि शस्त्रवैद्य ह्यांचा एकच संघ होता. पुस्तकी वैद्य नस्तराला शिवत नसे. ते हलके काम न्हाव्याचे. त्याची खूण अजून राहिली आहे. इंग्लंडात शस्त्रवैद्यास आजही डॉक्टर न म्हणता नुसते 'मिस्टर' म्हणतात, व आता तोच त्यांना मान वाटतो.

मग ही विद्या आपल्या हातून गेली कशी? कोणी चोरली नाही. तिची वाट बदलली. १८४५ साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि नस्तराची वाट इंग्रजी पुस्तकांतून जाऊ लागली. ज्याच्या घरी आधीपासून अक्षर होते, तो पुढे गेला. ज्याच्या घरी केवळ हात होते, तो मागे राहिला. तरी त्या काळीही आपल्यांतील काहीजण त्या वाटेने गेलेच. डॉ. विश्राम रामजी घोले हे गवळी समाजातले. लष्करात शस्त्रवैद्य झाले, सत्यशोधक समाजाचे पुढारी झाले, आणि जोतिराव फुले ह्यांस पक्षाघात झाला तेव्हा औषधोपचारही त्यांनीच केला. रखमाबाई सुतार समाजातल्या. लहानपणी लावलेले लग्न नाकारून त्या कोर्टात उभ्या राहिल्या, विलायतेस जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आपले आयुष्य रुग्णसेवेत घालविले. आमच्या सुताराच्या ओसरीवर हे नाव त्या दिवशी आम्हांस आठवले असते तर बरे झाले असते.

आपला बीड जिल्हा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने डॉक्टर व्हावयाचे तर हैद्राबादेस जावे, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू. मराठवाड्यात वैद्यकीय कॉलेज निघाले ते १९५६ साली, औरंगाबादेस. पुढे १९७४ साली आपल्याच अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. खेडवळ भागासाठी काढलेले आशिया खंडातील पहिले कॉलेज म्हणून त्याची ख्याती आहे. तेथे आज शस्त्रवैद्य तयार होतात. म्हणजे वाट आता दारापर्यंत आली. प्रश्न एवढाच की त्या वाटेने कोण जातो?

जागेसाठी अर्ज करणाऱ्यांकडे पाहावे तर चमत्कार दिसतो. गुणानुक्रमात जे अगदी वर असतात त्यांतील पुष्कळजण नस्तर मागतच नाहीत. क्ष-किरणाचे शास्त्र, अंतर्गत रोगांचे शास्त्र, कातडीच्या रोगांचे शास्त्र, ह्यांकडे त्यांचा ओढा असतो. आम्ही त्यांना नावे ठेवीत नाही. क्ष-किरण पाहणाऱ्यास मध्यरात्री रक्ताने भरलेला माणूस उचलून आणून देत नाहीत, शस्त्रवैद्यास देतात. शिकाऊ डॉक्टरांनी आठवड्यास ४८ तास काम करावे, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच सांगून ठेवले. पण सर्जरीच्या खात्यातल्या मुलास विचारा, तो हसेल. कित्येकदा छत्तीस छत्तीस तास उभे राहावे लागते. वर शस्त्रक्रियेचे दालन उभारावयास भांडवल लागते, आणि रोगी दगावला की नातलग काचा फोडावयास तयार!

म्हणजे ज्या कामाला कष्ट सोसणारा माणूस हवा, ते काम सुखवस्तू घरचा हुशार मुलगा सोडून देत आहे. आणि कष्ट सोसणे हा तर आपल्या घरांचा पिढीजात धंदा! थंडीत पहाटे फडात उतरणाऱ्या ऊसतोड्याच्या पोराला जागरणाचे भय काय घालता? मग आपली मुले तेथे गर्दीने का दिसत नाहीत? आम्हांस त्याची चार कारणे दिसतात.

पहिले कारण पैसा आणि काळ. अठराव्या वर्षी सुरुवात केलेला मुलगा सर्जन होईतो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि एखाद-दुसरी परीक्षा हुकली तर तिशीला टेकतो. एम.बी.बी.एस. नंतर एक-दोन वर्षे घरी बसून परीक्षेचा अभ्यास करावा लागतो. शिकवणीचा खर्च वेगळा. ज्याच्या बापाने मुकादमाकडून उचल घेऊन मुलाला शिकविले, तो त्या दोन वर्षांत काय खाणार? तो पहिल्या नोकरीस लागतो व तेथेच राहतो. त्याला दोष कसा द्यावा? उलट पैसेवाल्यास मागचे दार आहेच. रिकाम्या जागा भरल्या जाव्यात म्हणून २०२३ साली ह्या परीक्षेची पात्रतेची मर्यादा शून्य शतमकावर आणण्यात आली. म्हणजे परीक्षेस बसला तो पात्र! रिकाम्या जागांत खाजगी कॉलेजांतल्या, वर्षाला लाखोंनी फी असलेल्या जागा होत्याच. त्या कोणास मिळतील हे सांगावयास ज्योतिषी नको. राखीव जागेवरून आलेल्या पोराला 'कमी गुणांचा' म्हणून हिणविणारी तोंडे त्या वेळी कोठे गेली होती?

दुसरे कारण भाषा. डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा आता मराठीतही देता येते. पण नंतरची सारी पुस्तके आणि ही पुढची परीक्षा इंग्रजीतच. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगा पहिली दोन वर्षे शरीरशास्त्र शिकतो की इंग्रजी शिकतो, हे त्याचे त्याला कळत नाही.

तिसरे कारण वागणूक. शस्त्रक्रिया ही पुस्तकातून येत नाही; थोरल्याने धाकट्याच्या हाती नस्तर द्यावे लागते. कोणाला द्यावे व कोणाला चार महिने नुसते कागद भरावयास बसवावे, हे थोरल्याच्या मर्जीवर. येथे परीक्षेचे आंधळे यंत्र संपते व माणसाचे डोळे सुरू होतात. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईस स्त्रीरोगशास्त्र शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी ह्या आदिवासी समाजातील विद्यार्थिनीने आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवून तिघी वरिष्ठ डॉक्टरांवर खटला भरण्यात आला. न्यायाचे काम न्यायालयाचे. पण एवढ्या दूर चालून आलेली मुलगी शस्त्रक्रियेच्या दारात पोचूनही कशी एकटी पडते, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

चौथे कारण आपण स्वतः. होय, आपणच! मुलगी डॉक्टर झाली की आपण तिला बाळंतिणीच्या खोलीत ढकलतो. २०११ च्या शिरगणतीत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. साऱ्या महाराष्ट्रात हा आकडा सर्वांत खालचा. ज्या जिल्ह्याने मुलींस जन्म घेऊ देण्यातच इतकी कंजुषी केली, तो त्यांच्या हाती नस्तर सुखासुखी देईल काय? म्हणतात, बाईचा हात नाजूक, मन हळवे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात एक लाखाहून अधिक रोग्यांची नोंद तपासून २०१७ साली प्रसिद्ध झाली. स्त्री-शस्त्रवैद्यांच्या रोग्यांत शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मरणारांचे प्रमाण पुरुषांच्या रोग्यांहून किंचित कमीच निघाले. आणि दूर कशाला जावे? कडाक्याच्या थंडीत पोटातले मूल घेऊन जी कोयता चालविते, तिच्या लेकीचा हात नाजूक, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

येथवर वाचून कोणी म्हणेल, गुरुजींचा सारा रोख एवढाच, की आपली पोरे सर्जन झाली म्हणजे झाले. तसे असते तर हा लेख लिहिण्याचे श्रम आम्ही घेतले नसते. खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती कडू आहे.

ह्याच बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढल्याची हकीकत २०१९ साली देशभर गाजली. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायांत एक! त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायाही होत्या. पांढरे जाते, पोटात दुखते, म्हणून बाई दवाखान्यात गेली की कर्करोगाची भीती घालावयाची. इकडे फडावर एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार. तिकडे पिशवी काढली की कटकट मिटली, असे बाईलाही वाटे. एका बाजूस उचल, दुसऱ्या बाजूस नस्तर, आणि मध्ये ती माउली! शस्त्रक्रियेचा खर्च भागवावयास पुन्हा उचल घ्यावयाची आणि ती फेडावयास दुखऱ्या कमरेने पुन्हा मोळी उचलावयाची. बोभाटा झाल्यावर अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचे बंधन खाजगी दवाखान्यांवर घालण्यात आले.

आता छातीवर हात ठेवून विचारू या. त्या नस्तरामागचे हात साऱ्याच परक्यांचे होते काय? इतक्या शस्त्रक्रिया काही पुण्या-मुंबईहून माणसे येऊन करून गेली नाहीत. त्यांत आपल्याच भागातले, आपल्याच बोलीत 'माय' म्हणून हाक मारणारे हात नव्हते, असे शपथेवर कोण सांगेल? कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी? म्हणून आम्ही म्हणतो की उमेदवार आपल्या घरचा असणे ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी त्या दोनशे प्रश्नांत विचारीत नाहीत. ती अशी: कापता येत असून, पैसा समोर असून, रोगी हो म्हणत असून, जेथे कापण्याची गरज नाही तेथे नस्तर खाली ठेवण्याचे बळ तुझ्या अंगी आहे काय? चांगला सुतार लाकूड कापण्याआधी दोनदा मापतो, कारण लाकूड त्याच्या पैशाचे असते. गरिबाचे शरीर तेवढे फुकटचे समजू नये.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे.

सरकारने हे करावे: आंतरवासिता संपलेल्या गरीब घरच्या डॉक्टरांस एक वर्ष राहण्याजेवणाची सोय असलेले अभ्यासगृह काढावे, अंबाजोगाईसारख्या ठिकाणी ते शोभेल. शाहू महाराजांनी कोल्हापुरास वसतिगृहे उघडली तेव्हा कोठे आमची मुले शाळेत टिकली. तीच युक्ती ह्या उंच पायरीवरही चालेल. शिकाऊ मुलांच्या कामाचे तास कागदावर आहेत ते भिंतीवरच्या घड्याळात आणावेत. कोणत्या विद्यार्थ्यास किती शस्त्रक्रिया प्रत्यक्ष करावयास मिळाल्या, ह्याची वही दर महिन्यास उघडी लावावी, म्हणजे कोण नुसते कागदच भरीत बसला ते आपोआप दिसेल.

समाजाने हे करावे: लग्नात मांडवावर व जेवणावळीवर जो पैसा जाळतो, त्यातला चौथा हिस्सा गावोगाव शिक्षणनिधीत टाकावा. मुलीने नस्तर मागितले तर वाट अडवू नये. आणि दवाखान्यात रोगी दगावला म्हणून डॉक्टरावर हात उगारू नये. संशय असेल तर कागदपत्र मागावे, तक्रार करावी. आज जी काच आपण फोडतो, तिच्या भीतीने उद्या आपलाच मुलगा हे काम सोडून जाईल.

आणि उमेदवारांनो, तुम्हांस एवढेच. फॉर्म भरताना शेजाऱ्याने काय लिहिले ते पाहू नका. हात जन्माने येत नाही, सरावाने येतो. तुमच्या घरी रंधा, आरी, सुई, कोयता ह्यांपैकी काहीतरी होतेच, त्याची लाज धरू नका. इंग्रजी अडले तर ते शिकता येते. धीर मात्र विकत मिळत नाही आणि तो तुमच्याजवळ आहे. पण सर्जन झाल्यावर ज्या दिवशी फडावरची एखादी बाई तुमच्या मेजावर निजेल, त्या दिवशी तिचा चेहरा आधी पाहा आणि मग तिचे कागद पाहा. तो चेहरा ओळखीचा वाटला नाही, तर तुम्ही आमच्या घरचे होता ही गोष्ट आम्ही विसरून जाऊ.

मुलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्या ओसरीवर गेलो व आदल्या दिवशी दिलेला सल्ला सर्वांदेखत परत घेतला. रखमाबाईंची हकीकत सांगितली, पुण्याच्या कुंभाराची सांगितली. बाप बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, "म्हंजे गुरुजी, त्यो बी आपल्यातलाच व्हता की!" आणि उठून कामास गेला. मुलीने पसंतीच्या पहिल्या ओळीत सर्जरीच लिहिली आहे. यादी अजून लागावयाची आहे. जागा मिळेल, न मिळेल. पण आमच्या गावातून ह्या कामासाठी अर्ज गेला, आणि तो रंधा चालविणाऱ्या घरातून गेला, एवढी नोंद आम्ही येथे करून ठेवतो. त्या पुण्याच्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नव्हते. ती चूक आता पुन्हा होऊ द्यावयाची नाही.